निकोटीन परिषद आणि सासऱ्यांची पट्टी

मी निकोटीन व तंबाखू संशोधन परिषदेचा अध्यक्ष आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक गोष्ट करायचा. एक तर खिशातलं पाकीट घाईघाईने आणखी आत सारायचा, नाहीतर मलाच एक सिगारेट देऊ करायचा. 'वा, कशावर संशोधन करता?' असं आजवर फक्त एका माणसाने विचारलं आणि तो विमा एजंट निघाला. एवढ्या अनुभवानंतर तरी मी शहाणं व्हायला हवं होतं. पण शास्त्रज्ञाला पुरावा कितीही मिळाला तरी त्याला तो अपुराच वाटतो.

परिषद स्थापन केली तेव्हा आम्ही सातजण होतो. सातजणांची परिषद म्हणजे खरं तर कॉलेजच्या उपाहारगृहातलं कोपऱ्यातलं एक टेबल. मी औषधशास्त्र शिकवतो. निकोटीन मेंदूत शिरल्यावर काय करतं, हे उंदरांच्या मेंदूत बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. उंदीर हा अत्यंत समंजस प्राणी आहे. तो हरकतीचा मुद्दा मांडत नाही, उपसूचना देत नाही आणि त्याला मताचा अधिकार नसतो. हे मी उगाच सांगत नाही.

पहिला अडथळा नोंदणी कार्यालयात आला. तिथल्या कारकुनाने परिषदेचं नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाजूने की विरोधात?"

"कशाच्या?"

"तंबाखूच्या."

"आम्ही संशोधन करतो. बाजूने नाही, विरोधात नाही."

"म्हणजे बाजूने," तो म्हणाला. "विरोधात असलेले लोक लगेच सांगतात." त्याच्याकडे संस्थांचे फक्त चार प्रकार होते: व्यापार, व्यसनमुक्ती, क्रीडा आणि इतर. 'इतर'साठी वरिष्ठांची सही लागत होती आणि वरिष्ठ बाहेर सिगारेट ओढायला गेले होते. तासाभराने ते आले, परिषदेचं नाव वाचून खूश झाले आणि सही करता करता म्हणाले, "सोडायचं काही औषध निघालं तर कळवा."

दुसरा अडथळा आम्ही स्वतःच्या हाताने तयार केला. आमच्या सचिव मानसशास्त्र शिकवतात. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण तत्त्वांच्या बाबतीत त्यांच्यापुढे उभं राहताना माझी शाळेतली भीती परत येते. घटना लिहिताना त्या म्हणाल्या, "ज्या माणसांवर आपण प्रयोग करणार, त्यांना परिषदेत मत असलंच पाहिजे. माणसांना उंदरांसारखं वापरून बाजूला टाकायचं, हे मला मान्य नाही." आम्ही सगळे हेलावून गेलो. कलम एकमताने मंजूर झालं. त्या वेळी आमच्या प्रयोगात मोजकी माणसं होती, त्यातली निम्मी आमच्याच नात्यातली. पुढे काय वाढून ठेवलंय हे एकालाही दिसलं नाही. सात डॉक्टरेटवाले एका टेबलाशी बसले की असंच होतं.

मग आम्ही पट्टीचा मोठा प्रयोग हाती घेतला. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांच्या दंडावर निकोटीनची पट्टी लावायची. निम्म्यांना खरी पट्टी, निम्म्यांना कोरी, म्हणजे दिसायला हुबेहूब तशीच पण आत काहीच नसलेली. कोणाला कुठली हे घेणाऱ्याला माहीत नाही, देणाऱ्याला माहीत नाही, मलाही माहीत नाही. माहीत फक्त आमच्या सांख्यिकीच्या बाईंना. या बाई इतक्या मितभाषी आहेत की त्यांच्या वाढदिवसाला आम्ही अभिनंदन केलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली होती. गुपित ठेवायला त्यांच्याइतकी भरवशाची जागा नाही. शिवाय तुलनेसाठी कधीच न ओढणाऱ्यांचा एक गट होता, त्यात माझ्या बायकोचंही नाव घातलं होतं. हे सगळेच्या सगळे घटनेप्रमाणे परिषदेचे सभासद.

परिषद वाढू लागली. कॉलेजच्या कोपऱ्यावरचा केशकर्तनालयवाला पहिल्या दिवशी दाखल झाला आणि त्याने खुर्चीत बसेल त्या गिऱ्हाइकाला भरती करायला सुरुवात केली. मानेवर वस्तरा असताना माणूस नाही कसा म्हणणार? मी वार्षिक अहवालात सभासदसंख्येचा आलेख काढला. रेघ अशी काही वर चढत होती की मी तो घरी आणून बायकोला दाखवला.

"यात शास्त्रज्ञ किती?" तिने विचारलं.

"सात."

"अजून सातच?"

"सहा. एकाची बदली झाली."

तिने आलेख मला परत दिला आणि चहाचं आधण ठेवलं.

याच सुमारास माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. ते रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस. आयुष्यभर लोकांच्या सबबी ऐकल्यामुळे त्यांचा कोणावरच विश्वास नाही. मी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी ते आधी घड्याळात बघतात. पाकीटभर सिगारेटी दुपारपर्यंत संपवायची त्यांची जुनी सवय. आता पायातली रक्तवाहिनी बुजत चालली होती. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना दोनदा थांबून पोटरी चोळायची वेळ आली होती. सर्जननी आम्हा तिघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "सिगारेट पूर्ण बंद झाल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. आणि फार लांबवलंत तर पुढे पाय वाचवता येईल असं मी म्हणू शकत नाही."

घरात शिरल्या शिरल्या बायको म्हणाली, "अहो, तुम्ही त्याच परिषदेचे अध्यक्ष आहात ना? मग माझ्या बाबांची सिगारेट सोडवा. एवढंच मागतेय."

मी सासऱ्यांना दिवाणखान्यात बसवून रीतसर व्याख्यान दिलं. आकृत्या दाखवल्या. मेंदूतले निकोटीनचे ग्राही, म्हणजे ते जिथे जाऊन चिकटतं त्या जागा, रंगीत पेन्सिलींनी काढले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जावईबापू, तुम्ही स्वतः कधी ओढली आहे?"

"नाही बाबा."

"मग तुम्ही विनातिकीट बोलताय," असं म्हणून ते गॅलरीत गेले आणि तिथून काडी ओढल्याचा आवाज आला. माझा अपमान झाला हे सोडा. त्या गॅलरीत पाठमोरी उभी असलेली त्यांची आकृती, एका पायावर भार देऊन, मला फार दिवस डोळ्यांपुढे दिसत राहिली. मला भीती वाटली होती.

पुढच्या आठवड्यात सासरे केस कापायला गेले आणि येताना केस कापून, दाढी करून आणि दंडाला पट्टी लावून आले. केशकर्तनालयवाल्याने त्यांनाही भरती केलं होतं. मी सचिवांना फोन केला. अध्यक्षांचे सासरे प्रयोगात चालतील का? त्या म्हणाल्या, "तुम्हाला पट्टी माहीत नाही, त्यांना माहीत नाही. नात्यावरून कोणाला नाकारणं हा अन्याय होईल." झालं. आणि मग जे घडलं त्यावर माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांची सिगारेट बंद.

बायको माझ्याकडे अशा नजरेने बघू लागली की मला लग्नाचे पहिले दिवस आठवले. सासरे येईल त्याला दंड दाखवून सांगत, "पट्टीचा गुण आहे." मी मात्र शास्त्रज्ञ. मला सुखाने बसवत नाही. खऱ्या पट्टीखाली कातडी लाल होते, खाज सुटते, रात्री रंगीबेरंगी स्वप्नं पडतात. मी रोज सकाळी त्यांच्या दंडाकडे बघायचो. लालीचा मागमूस नाही. एकदा आडून विचारलं, "बाबा, हल्ली स्वप्नं पडतात का?"

"स्वप्नं? ती रात्रपाळीत कधीच बंद झाली."

मी मनातल्या मनात हिशेब केला. पट्टी कोरी होती. म्हणजे सगळा कारभार नुसत्या श्रद्धेवर चालला होता. हे त्यांना कळलं की दुसऱ्या मिनिटाला ते गॅलरीत, आणि मग ऑपरेशन नाही, आणि मग पाय. मी कोणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तिच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं दिसतं. रोज सकाळी मी तेवढं म्हणायचो, "वा बाबा, आज पट्टी छान बसलीय हं." आणि ते समाधानाने मान डोलवायचे.

अशा वेळी वार्षिक सर्वसाधारण सभा येऊन ठेपली. सचिवांनी सगळ्या सभासदांना निमंत्रणं पाठवून टाकली. त्या दुपारी सांख्यिकीच्या बाई माझ्या खोलीत आल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "म्हणजे सगळे एका खोलीत बसणार?"

एवढंच. पण मी खुर्चीत बसल्या बसल्या गार पडलो. खऱ्या पट्टीवाले आणि कोऱ्या पट्टीवाले शेजारी शेजारी. दंडाला दंड. जी गोष्ट कोणालाच कळू नये म्हणून आम्ही एवढा आटापिटा केला, ती चहाबिस्किटांबरोबर वाटली जाणार होती. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही संस्थेवर ही पाळी आली नसती, कारण दुसऱ्या कुठल्याही संस्थेने प्रयोगाच्या माणसांना मत दिलेलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त वकील राहतात. सल्ला मागितला नाही तरी देतात, मागितला तर बसवून घेतात. मी मागितला.

"सभा रद्द करा," ते म्हणाले.

"त्याला सभेची मंजुरी लागते."

"मग घटना बदला."

"त्याला दोन तृतीयांश सभासद लागतात, वकीलसाहेब. तेच तर पट्टीवाले आहेत."

त्यांनी चष्मा पुसला. "मग एकच उपाय. सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून बोलवा." मला हा सल्ला पटला, यावरून माझी अवस्था लक्षात यावी. 'सभेच्या प्रतिष्ठेस अनुसरून पूर्ण बाह्यांचा पोशाख' अशी पुरवणी सूचना मी स्वतः काढली.

सासऱ्यांना मी परोपरीने सांगून पाहिलं की सभा कंटाळवाणी असते, खुर्च्या कडक असतात, पायाला त्रास होईल. ते म्हणाले, "मी सभासद आहे. तुम्ही मला अडवताय म्हणजे काहीतरी गडबड आहे." आणि सर्वांत आधी तयार होऊन दारात उभे राहिले. बायकोही निघाली, तुलनेच्या गटातून.

वाचनालयाच्या सभागृहात पंखे चालत नव्हते. विजेचा माणूस उद्या येणार होता. पाऊण तासात सगळं सभागृह बाह्या दुमडून बसलं. मी व्यासपीठावरून अहवाल वाचत होतो आणि खाली दंडांवरून गप्पा रंगत होत्या. "तुमची चिकटते का हो?" "मला तर भयंकर खाज." "मला काहीच नाही, आणि सिगारेटही सुटत नाही." शेवटी केशकर्तनालयवाला उभा राहिला. दुकानात सवय असल्यामुळे त्याचा आवाज कात्रीच्या वर ऐकू जातो.

"ज्यांना खाज येते त्यांनी डावीकडे बसा. ज्यांना येत नाही त्यांनी उजवीकडे."

मी हरकत घेईपर्यंत लोक खुर्च्या उचलून निघाले होते. इतक्या दिवसांचं आमचं गुपित माझ्या डोळ्यांदेखत दोन भागांत विभागून बसलं. सचिव डोळे मिटून बसल्या होत्या. सांख्यिकीच्या बाई भिंतीकडे बघत होत्या. आणि माझे सासरे उठले, पाय थोडा ओढत गेले आणि उजवीकडे, बिनखाजवाल्यांत, खिडकीशेजारची जागा धरून बसले.

मग रीतसर ठराव आला. 'आपल्या अंगावर काय चिकटवलं आहे हे प्रत्येक सभासदास कळलंच पाहिजे.' उजवी बाजू पेटलेली. त्यांचं म्हणणं, आम्हाला फसवलं. डाव्या बाजूला तितकी घाई नव्हती, ती खाजवत बसली होती. मतदान घ्यावं म्हटलं की गणसंख्या भरेना, कारण ज्यांची सुटली नव्हती ते आळीपाळीने सिगारेट ओढायला बाहेर जात होते. मी सचिवांना दारात उभं करून त्या ओढणाऱ्यांना आत आणवलं. धुराच्या वासासकट ते आले. हात मोजले. समसमान. माझ्या बायकोचा हात 'कळलं पाहिजे'च्या बाजूने वर होता.

"आता अध्यक्षांचं निर्णायक मत," केशकर्तनालयवाला म्हणाला.

खरं सांगतो, त्या क्षणी मला विज्ञान, पारदर्शकता, घटना यातलं काही आठवलं नाही. मला खिडकीशेजारचा तो पाय दिसत होता. 'नको' म्हणावं तर सगळे म्हणणार, अध्यक्ष काहीतरी लपवतोय. 'हो' म्हणावं तर बाई तोंड उघडणार आणि माझ्या सासऱ्यांचा पाय जाणार. मी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी मी त्यातून बराच वेळ प्यायलो.

"मला बोलायचंय," सासरे बसल्या जागेवरून म्हणाले. सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. तिकीट तपासायची इतक्या वर्षांची जरब आवाजात उरतेच.

"माझी पट्टी कोरी आहे. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलंय. मी कोणाचं ऐकून विश्वास ठेवत नाही. मी सहा पट्ट्या एकदम लावल्या. दोन दंडांना, तीन पोटावर, एक मांडीला. दिवसभर लावून बसलो. चक्कर नाही, मळमळ नाही, काही नाही. आत औषध असतं तर मी आडवा झालो असतो."

"मग सिगारेट सुटली कशी?" कोणीतरी विचारलं.

"सुटली नाही. मी ओढत नाही. त्यात काय आहे? ठरवलं, झालं."

"मग पट्टी रोज कशाला लावता?"

सासऱ्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "आमचे जावई रोज सकाळी पट्टीकडे फार आशेने बघतात हो. छान बसलीय म्हणतात. त्यांचं वाईट वाटायला नको."

सभागृह हसलं. मी हसलो नाही. मी पुन्हा पेला उचलला, तो अजूनही रिकामाच होता. मी या माणसापासून गुपित राखतोय असं समजत होतो आणि हा माणूस रोज आंघोळ करून माझ्यासाठी दंडाला पट्टी चिकटवत होता.

उजवी बाजू एकदम थंड झाली. कोरी पट्टी लावूनही सुटते, मग कळून काय करायचंय, असं केशकर्तनालयवाल्याने जाहीर केलं आणि ठराव मागे घेतला. मी सुटकेचा श्वास सोडला. तो अर्धाच सोडून झाला असेल, तेवढ्यात सचिवांनी पुढचा विषय वाचला: नव्या अध्यक्षाची निवड. हा विषय दरवर्षी आम्ही चहाच्या आधी एका वाक्यात उरकत असू. या वेळी केशकर्तनालयवाला पुन्हा उभा राहिला आणि त्याने माझ्या सासऱ्यांचं नाव सुचवलं.

टाळ्या. उजवीकडून, डावीकडून, दाराबाहेरून. माझ्या बाजूने शास्त्रज्ञांचे हात वर झाले, तेही सगळे नाहीत. सचिवांनी तत्त्वतः तटस्थ राहायचं ठरवलं. मी बायकोकडे बघितलं. ती नंतर म्हणाली, "अहो, बाबांच्या विरोधात मत कसं देऊ? आणि तुम्ही तसेही कंटाळला होतात." ज्या परिषदेचं नावसुद्धा मी ठेवलं, तिथून मी माजी होऊन चालत घरी आलो, सासऱ्यांसाठी दोनदा थांबत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रुग्णालयात त्यांनी यंत्रात फुंकर मारली. धुराचा अंश नाही. सर्जन खूश. भूल देणाऱ्या डॉक्टर मात्र काटेकोर निघाल्या. "पट्टी लावतात म्हणता. अंगात निकोटीन आहे की नाही, ते मला नक्की कळायला हवं. अंदाज नको." अशा कारणासाठी एका माणसापुरतं गुपित उघडता येतं, हा नियम आम्हीच केलेला. मी व्हरांड्यात जाऊन सांख्यिकीच्या बाईंना फोन लावला.

"खरी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. "बाई, नीट बघा. त्यांनी सहा लावल्या होत्या. सहा."

"खरीच," त्या म्हणाल्या. "जास्त ओढणाऱ्यांना सहाचंही काही वाटत नसेल." मग थोडं थांबून म्हणाल्या, "हे तुम्हीच शिकवता ना?"

मीच शिकवतो. वर्षानुवर्षं, पहिल्या सत्रात. सतत निकोटीन मिळणारं शरीर सरावतं, आणि खाज काही प्रत्येकाला येत नाही. उंदरांच्या बाबतीत मला हे झोपेतही सांगता येतं. बायको शेजारी उभी होती. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हणालो, "मी त्यांना सांगतो. पट्टीनेच सुटलीय. शास्त्राचा प्रश्न आहे."

"तुम्ही एक अक्षर बोलणार नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांना सांगा आणि तिथेच थांबा. स्वतःच्या जिद्दीने सोडली म्हणून तो माणूस ताठ बसलाय. जिद्द नव्हती, औषध होतं, असं कळलं तर उद्या ऑपरेशनहून आल्यावर पहिली काडी कुठे पेटेल, सांगा बघू."

मी डॉक्टरांना सांगितलं आणि तिथेच थांबलो.

पाय वाचला. सासरे आता आमच्या परिषदेचे अध्यक्ष आहेत आणि परिषद पूर्वीपेक्षा जोरात वाढते आहे. परवा त्यांचं पहिलं अध्यक्षीय भाषण झालं. विषय होता 'पट्टी नव्हे, मनगट'. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. भाषण संपल्यावर ते म्हणाले, रिक्षा नको, पायीच जाऊ. कोपरा मागे पडला, दुकान मागे पडलं, ते कुठेच थांबले नाहीत. त्यांना गाठताना मलाच धाप लागली.

"जावईबापू," मागे न बघता ते म्हणाले, "राग मानू नका. पण तुम्ही शास्त्रज्ञ मंडळी औषधावर फार भिस्त ठेवता. माणसाच्या मनात काय ताकद असते, याचा तुम्हाला पत्ताच नाही."

माझ्या जिभेवर ग्राही, सरावलेलं शरीर, सहा पट्ट्या, सगळं येऊन उभं राहिलं होतं. मी पुढे टाकल्या जाणाऱ्या त्या पायाकडे बघितलं.

"हो बाबा," मी म्हणालो. "ते आम्हाला शिकायला हवं."